वीस मायक्रॉन

रविवारी सातच्या आत गाठावा जुना बाजार.
उशीर झाला की उरतात नुसते चार्जर,
डावे बूट, आणि देवांच्या फ्रेमा, काच गेलेल्या.
माझ्या खिशात रुमालात बांधलेलं लोहचुंबक,
चष्म्याच्या घरात भिंग,
आणि बायकोला सांगितलेलं कारण : कोथिंबीर.

इथं सापडतं, खोटं नाही.
इथंच मिळाला रशियन बिल्ला, मुलामा उडालेला,
वर इवलंसं यान,
दहा रुपयांना तीन; उरलेले दोन कुठल्याशा सहकारी बँकेचे.
इथंच ते पाकीट, रॉकेट उडाल्या दिवसाचा शिक्का असलेलं,
आतलं पत्र मात्र सगळं दम्याच्या औषधाबद्दल.
कॅम्पात एक बंगला रिकामा होत होता,
तिथं चंद्राचा नकाशा मिळाला, पाठीमागे दुधाचा हिशोब :
मंगळवारी खाडा.

बोपोडीचे घळसासी हे सगळं बघतात
आणि भिंग खाली ठेवून म्हणतात,
वर जाऊन आलेलं असेल तर बोला.
बाकी भंगार.

आज जैबूनबीच्या ताडपत्रीवर
नळाच्या चाव्या, सायकलची पायडलं, शेगडीचे बर्नर,
आणि त्यांच्यात, चुकीच्या लग्नात शिरलेल्या माणसासारखं
अंग चोरून बसलेलं
एक कडं, तळहाताएवढं.
उचललं.
लोहचुंबकानं ओळख दाखवली नाही.
पोलादाहून हलकं, ॲल्युमिनियमहून जड,
डिसेंबरच्या सकाळीही हाताला फारसं गार न लागणारं.
टायटॅनियम.
कडेला कोरलेले आकडे
आणि आकड्यांवर लाल रंगाचा एक फराटा.

तो फराटा मी ओळखतो.
सव्वीस वर्षं मी तेच केलं, भोसरीत,
वीस अंशांवर गारठवलेल्या खोलीत,
जिथं शिंक आली तर बाहेर जायचं.
लेथवर खळदकर.
त्याचं एक कडं मी नापास केलं. वीस मायक्रॉन.
डोक्यावरच्या केसाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.
तीन महिने तो बोलला नाही,
चहाला पलीकडच्या टपरीवर जायचा.
मग एका दुपारी सगळे टीव्हीपुढे,
मशिनं बंद, मालकसुद्धा उभे,
यान चढलं, ठिपका झालं, टाळ्या पडल्या,
आणि पडद्यावरची नजर न काढता खळदकर म्हणाला,
माझं असतं तर?
तरी गेलं असतं कदाचित, मी म्हणालो.

हे मी बोलायला नको होतं.

'केवढ्याला?'
'वजनावर हाय, दादा. ॲल्युमिनियमच्या भावानं घ्या.'
मग माझ्याकडे बघून, 'थांबा.
हात कापायलेत तुमचे.
पाचशे.'
चारशे म्हणायला गेलो तर आवाज फुटला,
म्हणून पाचशेच दिले.

घळसासींना फोनवर सांितलं नाही कुठलं, कसलं.
त्यांचं मला पाठ आहे : उडालेलं नाही, किंमत नाही.
पण जे उडालं ते जळालं,
नाहीतर समुद्रात बुडालं,
नाहीतर फिरतंय अजून, कुणाच्याच हाती न लागणारं.
त्यातलं ताडपत्रीवर काय येणार?
येतं ते थोडक्यात राहिलेलं.

शेवटचे दोन आकडे घासून गेलेत.
खळदकरचं असेल, नसेल.
फराटा माझा असेल,
नाहीतर दुसऱ्या कुठल्या गार खोलीतल्या
दुसऱ्या कुणाचा.
तो आता तळेगावला असतो, लेकीकडे.
नंबर आहे माझ्याकडे.

'कोथिंबीर?' ती विचारते.
मी कडं ओट्यावर ठेवतो, ती त्यावर दुधाचं पातेलं टेकवते,
बरोब्बर बसतं.

कपाटात माझा मायक्रोमीटर आहे, मखमलीच्या पेटीत.
दूध निवेपर्यंत
मी त्या कपाटाकडे पाठ करून बसलोय.